घरच्या मोटारीचे स्नान

स्मरणिकेसाठी लेख मागितला की आपण डॉक्टर मंडळी बहुधा मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार यांच्याकडे वळतो. या वेळी संपादकांची क्षमा मागून मी एक अगदीच अवैद्यकीय विषय घेतला आहे : आपली मोटार घरच्या घरी कशी धुवावी. विषय अवैद्यकीय असला तरी त्यातील मूळ तत्त्व आपण सर्वांनी अपघात विभागात उभे राहून शिकलेले आहे.

दुचाकीवरून घसरलेल्या माणसाचे खरचटलेले ढोपर आपल्यापुढे येते तेव्हा आपण कोरडा बोळा घेऊन ते घासत नाही. प्रथम भरपूर सलाईन सोडतो, माती वाहून जाऊ देतो आणि मगच जखमेला हात लावतो. वाळूचे कण घासले जाऊन त्वचेत रुतले, तर तेथे काळसर निळा डाग कायमचा राहतो. मोटारीच्या रंगाचेही नेमके हेच आहे. माझे स्पष्ट मत असे की, आपल्याकडच्या मोटारींवरील बहुतेक बारीक ओरखडे रस्त्यावर पडलेले नसतात. ते दारात उभ्या गाडीवर, रोज सकाळी भक्तिभावाने फिरविल्या जाणाऱ्या कोरड्या फडक्याने पडलेले असतात.

रंगाची रचना थोडी समजून घेतली म्हणजे हे पटेल. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. हा शेवटचा थर साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे वृत्तपत्राच्या कागदाहूनही पातळ. उन्हातील अतिनील किरण अडविण्याचे आणि चकाकी देण्याचे काम तोच करतो. आपल्या बाह्यत्वचेप्रमाणे तो स्वतःला नव्याने घडवीत नाही. जेवढा झिजला तेवढा गेला. काळ्या किंवा गडद रंगाच्या बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. प्रत्यक्षात ते ओरखडे सर्व दिशांना असतात. त्यांपैकी प्रकाशाला आडवे असणारेच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो.

आता आपल्या भागातील धुळीकडे पाहू. बेळगाव-खानापूर पट्ट्यात जांभ्याची तांबडी माती, तर निपाणी-चिकोडीकडे काळी. तांबड्या मातीला लोहाच्या ऑक्साइडचा रंग असतो आणि तिच्यात गारेचे कण मिसळलेले असतात. काठिण्याच्या मोजपट्टीवर गारेचा क्रमांक ७, म्हणजे काचेपेक्षाही वरचा; तिच्यापुढे बिचाऱ्या रंगाचा काय पाड? काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की मडगार्डच्या आत सिमेंटसारखी बसते. तिला खरवडू नये, भिजवून दहा मिनिटे थांबावे. गळिताच्या हंगामात यात आणखी भर पडते. उसाचे पाचट जाळले की त्याची काजळी वाऱ्याबरोबर येऊन टपावर बसते. ही काजळी नुसत्या हाताने पुसली की पांढऱ्या गाडीवर काळे पट्टे उमटतात.

तेव्हा पहिला नियम : पाण्याने धूळ सुटेपर्यंत फडके गाडीला लावू नये. यावर कोणी म्हणेल, 'अहो डॉक्टर, एवढे पाणी आणायचे कोठून?' प्रश्न रास्त आहे. बेळगावला राकसकोप आणि हिडकल या जलाशयांचे पाणी येते. पाऊस लांबला की बेळगावकरांचे लक्ष राकसकोपच्या पातळीकडे आणि निपाणीकरांचे जवाहर तलावाकडे लागते. २००८ साली बेळगावच्या निवडक प्रभागांत चोवीस तास पाणीपुरवठ्याचा प्रयोग सुरू झाला. उर्वरित शहर त्यानंतरही वर्षानुवर्षे पाण्याच्या पाळ्यांवरच राहिले. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या जलमंडळाने तर पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी करून ५,००० रुपये दंड लावला होता. ज्या गल्लीत घागरींची रांग आहे, तेथे डॉक्टरांच्या दारातून साबणाचा ओहोळ वाहत जाणे शोभत नाही. आणि रांगेत उभ्या असलेल्या बहुतेक स्त्रिया आपल्याच रुग्ण असतात, हेही विसरू नये.

घरच्या नळीखाली १५ लिटरची बादली किती वेळात भरते ते घड्याळ लावून पाहावे. सव्वा मिनिटात भरली, तर अर्ध्या तासात ३६० लिटर पाणी गेले! त्याऐवजी शेतीच्या दुकानात मिळणारा हाताने दाब भरण्याचा फवारणी पंप घ्यावा. पंपाचे पाणी धरून तीन-चार बादल्यांत एक लहान मोटार उत्तम निघते. मात्र पंप नवा कोराच हवा. शेतावरचा, कीटकनाशक भरलेला जुना पंप धुऊन घरी वापरू नये. विषबाधेचे रुग्ण पाहिलेल्या आपल्यासारख्यांना याचे कारण सांगावयास नको.

वेळ सकाळची, जागा सावलीची आणि बॉनेट थंड, या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. प्रवासातून येताच तापलेल्या गाडीवर पाणी ओतले तर ते पुसण्याआधीच वाळते आणि त्यातील क्षार मागे राहतात. कूपनलिकेचे जड पाणी असल्यास हे पांढरे ठिपके फारच हट्टी. शेवटची बादली तरी नळाच्या किंवा साठविलेल्या पावसाच्या पाण्याची असावी. ठिपके पडलेच तर पांढऱ्या व्हिनेगारमध्ये तेवढेच पाणी मिसळून हलक्या हाताने लावावे व लगेच धुऊन टाकावे.

आधी चाके धुवावीत. त्यांच्यावर ब्रेकमधून झडलेला लोखंडाचा चुरा असतो, म्हणून त्यांची बादली आणि फडके निराळे. मग टपापासून खाली पंपाने फवारा मारीत यावे. त्यानंतर दोन बादल्या : एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. फडके शाम्पूत बुडवून एक भाग पुसला की ते प्रथम साध्या पाण्यात खळबळावे, पिळावे आणि मगच पुन्हा शाम्पूत घालावे. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जमलेला गाळ पाहिला म्हणजे एकाच बादलीत आपण कशाने गाडी पुसत असतो याची कल्पना येते. हात सरळ रेषेत फिरवावा, गोल नव्हे. दारांचा खालचा भाग सर्वांत शेवटी घ्यावा. कपड्यांची पावडर क्षारधर्मी असते आणि भांड्यांचा साबण मेणाचा थर काढून टाकतो. मोटारीचा शाम्पू झाकणभरच लागतो, तेव्हा ही काटकसर करू नये. डिझेलच्या बोळ्याने गाडी 'चकाचक' करण्याची पद्धत तर बंदच व्हावी. त्याने दारांची रबरे खराब होतात आणि तेलकट पृष्ठभागावर धूळ दुप्पट बसते.

पक्ष्यांची विष्ठा वाळली असेल तर ओले फडके तिच्यावर पाच-दहा मिनिटे ठेवावे आणि मग उचलून घ्यावे. जखमेला चिकटलेले ड्रेसिंग आपण असेच भिजवून काढतो. डांबराच्या ठिपक्यांना रॉकेलचा किंचित ओला बोळा चालतो, पण लगेच शाम्पूने धुवावे.

पॉलिश आणि मेण या दोन गोष्टींत पुष्कळांची गल्लत होते. पॉलिश घासते, ओरखडा नाहीसा होतो तो आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवून. म्हणून ते क्वचितच करावे. मेण वरून बसते आणि संरक्षण देते. ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण या कामी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे मेअखेरीस, पावसापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा मेण लावले की पुरे. सिरॅमिक थराची सध्या बरीच चलती आहे. तो टिकतो अधिक, परंतु त्यामुळे धुण्यातून सुटका होते हा समज खरा नव्हे.

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे स्नान काचेचे, आणि तेही आतून. डॅशबोर्डचे प्लास्टिक उन्हात तापून त्यातून निघणारी वाफ काचेच्या आतील बाजूस तेलकट पापुद्र्यासारखी बसते. दिवसा ती दिसत नाही. रात्री समोरून दिवा आला की संपूर्ण काच दुधाळ होते. निपाणी ते बेळगाव हे सुमारे ७५ किलोमीटर अंतर अपरात्री कापताना, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली त्या दुधाळ काचेतून किती उशिरा दिसते याचा विचार करावा. दर पंधरवड्यास ओल्या आणि मग कोरड्या स्वच्छ फडक्याने काच आतून पुसावी आणि डॅशबोर्डवर चमक आणणारे क्रीम लावू नये. त्याचे प्रतिबिंब काचेवर पडते. स्टिअरिंगला आणि पायाखालच्या पेडलना तर असले काही कदापि लावू नये. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटवर टूथपेस्ट घासण्याचा उपाय तात्पुरता आहे. चकाकी येते, पण अतिनील किरणांपासून वाचविणारा थर उरलासुरलाही जातो, म्हणून नंतर तसा नवा थर देऊन घ्यावा.

२०२० च्या करोनाकाळात आपण गाडीच्या आत हायपोक्लोराइट आणि सॅनिटायझर यांचा मुक्त वापर केला. एरवी त्याची गरज नाही. पहिल्याने धातू गंजतो, दुसऱ्याने चामडे कोरडे पडते. सौम्य साबणाचे पाणी आणि पिळून काढलेले फडके पुष्कळ झाले. पावसाळ्यात पायपुसणी बाहेर काढून वाळवावीत, नाही तर आठ दिवसांत बुरशीचा वास येतो.

धुऊन झाल्यावर मोटार घराभोवती सावकाश चालवून दोन-चार वेळा ब्रेक दाबावा, म्हणजे त्यातील पाणी निघून जाते. फडकी मायक्रोफायबरची असल्यास इतर कपड्यांत न मिसळता धुवावीत आणि कपडे मऊ करणारे द्रावण त्यांना वापरू नये. त्याने त्यांची पाणी शोषण्याची शक्ती जाते. पुसताना फडके अंगणात पडले, तर ते झटकून पुन्हा गाडीला लावू नये. शस्त्रक्रियागृहात खाली पडलेल्या चिमट्याला जो नियम, तोच त्यालाही. ते त्या दिवसापुरते चाकांच्या बादलीत टाकावे.