पुढचा भाग कधी?

सोळा-सतरा वर्षांची मुलगी रात्री पांघरूण डोक्यावर ओढून मोबाईल बघत असली, की घरात पहिला प्रश्न येतो, "कोणाशी बोलतेस गं?" आतून उत्तर येते, "कोणाशी नाही, वाचतेय." आईला ते खरे वाटत नाही आणि वडिलांना तर मुळीच नाही. पण पुष्कळदा ते खरेच असते. मुलगी वाचत असते, आणि वाचत असते ती प्रेमाची कादंबरी.

अशा कादंबऱ्यांविषयी आपल्या कुटुंबांत उघडपणे बोलले जात नाही. अभ्यासाची पुस्तके, स्पर्धा परीक्षांची पुस्तके, बाबासाहेबांचे ग्रंथ यांना कपाटात जागा असते, प्रेमकथेला मात्र उशीखाली. म्हणून या वेळी आम्ही नाहूरमधील काही घरांत बसलो आणि मुलींना व त्यांच्या आयांना विचारले, की हे वाचन नेमके आहे तरी काय?

नाहूर म्हणजे मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्यामधले ठिकाण. २००६ साली येथे स्थानक झाले. त्याआधी गाडी पकडायला भांडुप नाहीतर मुलुंड गाठावे लागे. लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या या पट्ट्यात एके काळी कारखान्यांच्या भोंग्यावर माणसांचे दिवस चालत. पुढे त्यांतले बरेच कारखाने बंद पडले आणि त्यांच्या जागांवर टॉवर उभे राहिले. आम्ही ज्या घरात प्रथम गेलो तेथील वडील पूर्वी कारखान्यात पाळी करीत, आता एका टॉवरच्या फाटकावर रखवालदार आहेत. मुलगी कपड्यांच्या दुकानात काम करते आणि बाहेरून बी.ए. करते. दिवसभर उभे राहायचे, बसायला मिळत नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर ती अर्धा तास वाचते. मालिकेचा पुढचा भाग आज येणार, हे तिला सकाळपासून ठाऊक असते. दिवस ढकलायला तेवढे पुरते, असे तिने आम्हाला हसत सांगितले.

दुसऱ्या घरात वेगळाच प्रकार दिसला. तेथे आजीला वाचता येत नाही. नात मोठ्याने वाचते आणि आजी गहू निवडता निवडता ऐकते. नातीला एखाद्या दिवशी उशीर झाला, तर त्या पोरीचे काय झाले म्हणून आजीच आधी विचारते. ती पोरगी म्हणजे शेजारची कोणी नव्हे, कादंबरीतली नायिका!

वाट पाहणे जुनेच आहे

आजची मुले मोबाईलवर 'प्रतिलिपि'सारख्या ठिकाणी मराठी कथामालिका वाचतात. बंगळुरूहून २०१४ साली सुरू झालेला हा उद्योग आहे. तेथे एका मालिकेचे पन्नास, शंभर भाग सहज असतात. इंग्रजी माध्यमातली मुले जॉन ग्रीन, जेनी हान अशा परदेशी लेखकांची पुस्तके मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे फिरवतात. ग्रीन यांच्या २०१२ सालच्या कादंबरीवर २०२० साली 'दिल बेचारा' हा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा ज्यांनी पुस्तक वाचले नव्हते त्यांनीही ते शोधले. माटुंग्याला महेश्वरी उद्यानाजवळचा पदपथ जुन्या पुस्तकांसाठी वर्षानुवर्षे ओळखीचा आहे. एक मुलगी पैसे साठवून तेथवर जाऊन आली होती.

साधने नवी आहेत, ओढ मात्र जुनी. आयांना आपापली भाड्याची वाचनालये आठवली. अनामत भरायची, दिवसाच्या भाड्याने पुस्तक न्यायचे. पुस्तकाला खाकी कागदाचे वेष्टण आणि वर शाईने घातलेला क्रमांक. हवे ते पुस्तक नेमके बाहेर गेलेले असे. आठवडाभर खेटे घालावेत तेव्हा ते हाती येई, आणि घरी येऊन पाहावे तर शेवटची चार पाने कोणीतरी फाडून नेलेली! मग नायक-नायिकेचे लग्न झाले की नाही, हे विचारायला मैत्रिणीचे घर गाठावे लागे.

त्या काळी चंद्रकांत काकोडकर यांच्या कादंबऱ्यांवर उड्या पडत. त्यांच्या 'नीलांबरी'वरून १९६९ साली 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट निघाला, तर 'अशी तुझी प्रीत'वरून १९७८ साली 'मैं तुलसी तेरे आँगन की'. मुंबई महापालिकेत वास्तुविशारद असलेल्या व. पु. काळे यांची 'पार्टनर' १९७६ सालची. सुहास शिरवळकर यांची 'दुनियादारी' १९८२ साली आली आणि महाविद्यालयातील पोरांनी ती एकमेकांना वाचायला दिली. २०१३ साली तिच्यावर चित्रपट निघाल्यावर त्या पोरांच्या मुलांनीही ती वाचली. मिलिंद बोकील यांच्या २००४ सालच्या 'शाळा'ने तर आणीबाणीच्या काळातील नववीच्या वर्गातले मुके प्रेम इतके सरळ सांगितले, की पन्नाशीच्या माणसांनाही आपला बाक आठवला.

मुले बिघडतात का?

पालकांचा खरा प्रश्न हाच असतो. तो आजचा नाही. काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ साली 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात छापून आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६९ साली न्यायालयाने कथा अश्लील ठरत नाही असा निर्णय दिला. स्त्री-पुरुष संबंधांचा नुसता उल्लेख आला म्हणून पुस्तक तरुणांना निषिद्ध मानले, तर त्यांना केवळ धार्मिक पुस्तकेच वाचायला उरतील, अशा आशयाचा विचार त्या निकालात आहे. साठ वर्षांपूर्वी ज्या कथेवरून एवढे रान उठले, त्याहून कितीतरी अधिक मोकळे दृश्य आज घरातल्या दूरदर्शन संचावर सर्व कुटुंब एकत्र बसून पाहते. तरीही हातातल्या कादंबरीची मात्र भीती वाटते.

याचा अर्थ सर्वच कादंबऱ्या चांगल्या असतात असे नव्हे. मोबाईलवरील अनेक मालिकांचा साचा ठरलेला आहे. नायक मोठ्या उद्योगपतीचा मुलगा, रागीट, हुकूम सोडणारा. नायिका गरीब, सोशिक. तो तिच्यावर संशय घेतो, तिचा हात पिरगळतो, मग एक दिवस तिला फुले देतो आणि हेच प्रेम म्हणून सांगितले जाते. तिचे शिक्षण कथेच्या मध्यावर कोठे नाहीसे होते, ते लेखकालाही आठवत नाही. असे वाचन घरात चर्चा न होता, चोरून झाले तर मुलीला ते खरे वाटण्याचा धोका आहे. म्हणूनच पुस्तक हिसकावून घेणे हा उपाय नव्हे. हिसकावलेले पुस्तक दुसरीकडे मिळते, पण बोलणे एकदा बंद झाले की ते पुन्हा सुरू होत नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ आपल्या घराघरात आहे. त्यात प्रकृती या चांडाल मुलीची कथा आहे. आनंदाने तिच्याकडे पाणी मागितले. तिने आपली जात सांगितली. मी पाणी मागितले, जात विचारली नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले आणि त्या मुलीचे मन त्याच्यावर जडले. पुढे ती भगवान बुद्धांसमोर आली, तेव्हा तिची निंदा झाली नाही, तिला हाकलूनही दिले नाही. बुद्धांनी तिला प्रश्न विचारले, तिचे म्हणणे ऐकले आणि तिला विचार करायला लावले. अखेरीस ती भिक्खुणी झाली. कथेचा शेवट आपल्या मुलींच्या आयुष्याहून निराळा आहे, पण प्रेमात पडलेल्या तरुण मुलीशी कसे बोलावे, हे त्या कथेतून कोणाही आई-वडिलांनी शिकावे.

नायिकेचे आडनाव काय?

आता त्याहून मोठ्या प्रश्नाकडे वळू. नाहूरमधील मुलींना आम्ही विचारले, की तुम्ही वाचलेल्या कादंबऱ्यांतील नायिकेचे आडनाव काय असते? त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. देशमुख, सरपोतदार, इनामदार, प्रधान अशी नावे आली. कांबळे, जाधव, सोनावणे, गायकवाड? जाधव, गायकवाड एखादे वेळी निघाले, पण ते वाड्यातले, आपल्या वस्तीतले नव्हेत. जिच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, जी विहारात वंदनेला जाते आणि वर्गातल्या एका मुलाकडे चोरून पाहते, अशी नायिका त्यांपैकी एकीलाही आठवेना.

यामागे इतिहास आहे. ना. सी. फडके यांच्या 'जादूगार', 'दौलत' या कादंबऱ्या १९२०च्या दशकाच्या अखेरीस आल्या आणि सुशिक्षित तरुणांना त्यांनी वेड लावले. त्याच दशकात, १९२७ साली, आपले आजे-पणजे महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी मार खात होते. एकाच महाराष्ट्रात एका घरातील तरुण प्रेमाची स्वप्ने पाहत होते आणि दुसऱ्या घराला पाणी मिळवायचे होते. पुढे आपल्या माणसांच्या हाती लेखणी आली, तेव्हा त्यांनी आधी भूक लिहिली, अपमान लिहिला, लढा लिहिला. ते आवश्यकच होते.

तरीही प्रेम अगदीच सुटले असे नाही. नाहूरहून गाडीत बसले तर घाटकोपर चौथे स्थानक. तेथल्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत अण्णाभाऊ साठे अनेक वर्षे राहिले आणि लिहिते झाले. ज्यांनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, त्याच अण्णाभाऊंनी 'वैजयंता' आणि 'आवडी' लिहिल्या. 'आवडी'त जातीची भिंत ओलांडणारे प्रेम आहे आणि त्यापायी वाहिलेले रक्तही आहे. उर्मिला पवार यांच्या 'आयदान' या २००३ सालच्या आत्मकथनात त्यांचे स्वतःचे प्रेम आणि लग्न मोकळेपणाने येते. आपल्या मुलींनी ही पुस्तके अवश्य वाचावीत. परंतु सोळा वर्षांच्या मुलीसाठी, आजच्या भाषेत, लोकलमधली, क्लासमधली, वस्तीतली प्रेमकथा हवी आहे. ती अजून फारशी लिहिली गेलेली नाही.

कोणी म्हणेल, एवढे प्रश्न असताना प्रेमकथेचे काय घेऊन बसलात? आमचे उत्तर असे की, जातीचा प्रश्न जेथे शेवटी येऊन अडतो ती जागा लग्नाचीच आहे. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ सालच्या भाषणात बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय असल्याचे मांडले होते. कोणी कोणावर प्रेम करायचे, हे ठरविण्याचा अधिकार समाज सहजी सोडत नाही. २०१४ साली अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात खर्डा येथे सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी संबंध असल्याचा संशय हे कारण पुढे आले. २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. ज्या वर्षी तो मुलगा गेला, त्याच वर्षी नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत लागला होता, आणि २०१६ साली त्यांचा 'सैराट' आला. चित्रपटाने जे धाडस केले, ते तरुणांच्या कादंबरीने अजून पुरते केलेले नाही.

आपल्या घरांतील भीतीचे मूळही येथेच आहे. आई पुस्तक लपवायला सांगते, कारण पोरीच्या स्वप्नापेक्षा तिला पोरीच्या जिवाची काळजी अधिक आहे. ही काळजी खोटी नाही. पण ज्या मुलीने प्रेम म्हणजे काय, बळजबरी म्हणजे काय, स्वतःचा निर्णय म्हणजे काय, यावर आधीच घरी चर्चा केली आहे, तीच प्रसंग आल्यावर घरी येऊन सांगेल.

एवढे करता येईल

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मुलगी वा मुलगा जे वाचतो ते एकदा स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर ऐका. मग तीन प्रश्न विचारा. या नायिकेला "नाही" म्हणता येते का? तिचे शिक्षण आणि नोकरी शेवटपर्यंत टिकते का? आणि ती आपल्या वस्तीतली असती तर या नायकाच्या घरच्यांनी काय केले असते? या तीन प्रश्नांवर रात्रीच्या जेवणाला चांगली चर्चा होते, असा नाहूरमधील घरांतला आमचा अनुभव आहे. एका आईने तर मालिकेतील नायकाला असे काही फैलावर घेतले, की मुलगीच त्याची बाजू घेऊ लागली!

विहाराच्या कपाटात चरित्रे आणि अभ्यासाची पुस्तके असतात, त्यांच्या शेजारी पाच-दहा चांगल्या कादंबऱ्याही ठेवाव्यात. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाचे ग्रंथालय जवळ आहे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय तर १८९८ पासून वाचकांची सेवा करीत आहे. मुलांना तेथे घेऊन जावे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीजवळच्या पुस्तकांच्या दुकानांतून आपण पिशव्या भरून ग्रंथ आणतो. तरुण लेखकांनी आणि प्रकाशकांनी मनावर घेतले, तर त्या पिशवीत आपल्या मुलीसाठी एक प्रेमकथाही येऊ शकेल.

मुलींनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. जे पुस्तक तुम्हाला कोठेच मिळाले नाही, ते लिहायला तुम्हीच बसा. मोबाईलवर लिहायला कागदाचाही खर्च येत नाही. अण्णाभाऊंची शाळा दीड दिवसाची होती असे सांगतात, तुम्ही तर बी.ए. करीत आहात. तुमच्या कथेतील नायिकेला तुमचे आडनाव द्या, तिला नाहूरच्या फलाटावर उभी करा आणि पहिला भाग लिहून मोकळ्या व्हा. तो वाचून कोणा घरातली आजी पुढचा भाग कधी येणार म्हणून विचारू लागली, तर आम्हाला कळवा. त्या वाचकांच्या रांगेत आम्हीही आहोत.