तारेवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा : आपल्या गावची वीज, चूल आणि पंप दिल्लीच्या हिशोबात कसे मोजले जातात?

गावात 'आकडा' म्हटलं की आधी तारेवर टाकलेला आकडा आठवतो. पण त्याहून मोठं काम करतो तो कागदावरचा आकडा. वाडीवर नवा डीपी कधी येणार, सिलिंडरच्या अनुदानाला किती पैसे ठेवायचे, शेतीपंपाच्या विजेपोटी सरकारने किती रक्कम भरायची, हे सगळं कागदावरच्या आकड्यांवर ठरतं. आणि ते आकडे गोळा होतात आपल्याच दारातून, आपल्याच मीटरवरून, आपल्याच उत्तरांवरून.

हे आता समजून घेण्याचं कारण म्हणजे जनगणना. मागची जनगणना 2011 ची. त्यानंतरची 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख धरून होते आहे आणि त्याआधीच्या घरयादीच्या टप्प्यासाठी एप्रिल ते सप्टेंबर 2026 हा काळ ठरवला आहे. घरात उजेड कशाचा आणि स्वयंपाक कशावर, हे या टप्प्यात विचारलं जातं. दोनच साधे प्रश्न, पण पुढची अनेक वर्षं त्यांच्या उत्तरांवर योजना आखल्या जातात.

हे 'सातवं ध्येय' काय आहे?

2015 साली संयुक्त राष्ट्रांत जगातल्या देशांनी मिळून 17 शाश्वत विकास ध्येयं ठरवली. मुदत 2030 पर्यंत. त्यातलं सातवं ध्येय ऊर्जेचं आहे : प्रत्येकाला परवडणारी, भरवशाची, टिकाऊ आणि आधुनिक ऊर्जा मिळावी. भारताने ते मान्य केलं आहे.

नुसतं ध्येय ठरवून भागत नाही, ते गाठलं की नाही हे मोजावं लागतं. म्हणून सातव्या ध्येयाला मुख्य मोजमापं लावली आहेत :

- किती लोकांकडे वीज पोहोचली?
- किती लोक स्वयंपाकाला मुख्यतः स्वच्छ इंधन वापरतात?
- एकूण ऊर्जावापरात सूर्य, वारा, पाणी अशा अक्षय स्रोतांचा वाटा किती?
- तेवढ्याच कमाईसाठी देश पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा खर्च करतो का?

देशात हे आकडे एका जागी आणण्याचं काम केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय करतं. विजेची माहिती केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडून येते, गॅस-पेट्रोलची पेट्रोलियम मंत्रालयाकडून, कोळशाची कोळसा मंत्रालयाकडून. कुठलं राज्य पुढे, कुठलं मागे, याची क्रमवारी नीती आयोग लावतो. 2017 साली नीती आयोगाने राष्ट्रीय ऊर्जा धोरणाचा मसुदाही काढला होता.

आता यात एक अडचण येते. वीज युनिटमध्ये मोजतात, गॅस किलोमध्ये, डिझेल लिटरमध्ये, कोळसा टनात. सगळ्याची बेरीज करायची कशी? त्यासाठी सगळं उष्णतेच्या एकाच मापात बदलतात. 14.2 किलोच्या एका सिलिंडरमधली उष्णता साधारण 180 युनिट विजेइतकी भरते. असा सगळ्याचा मेळ घालून देशाचा ऊर्जेचा ताळेबंद तयार होतो.

'गावात वीज आली' म्हणजे नेमकं काय?

शब्दाची व्याख्या बदलली की आकडा कसा बदलतो, याचं हे सगळ्यात चांगलं उदाहरण.

1997 च्या आधी गावाच्या महसुली हद्दीत कुठंही, कशासाठीही वीज वापरली की ते गाव 'विद्युतीकृत' धरलं जायचं. म्हणजे रानात एका विहिरीवर मोटर चालली आणि गावठाणात सगळीकडे कंदील असले, तरी कागदावर गावात वीज! 1997 मध्ये वीज वस्तीत वापरली गेली पाहिजे अशी दुरुस्ती झाली. 2004 मध्ये व्याख्या आणखी कडक केली : वस्तीत आणि दलित वस्तीतही रोहित्र व तारा हव्यात, शाळा, ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र अशा ठिकाणी वीज हवी, आणि किमान 10 टक्के घरांत वीज हवी.

ती 10 टक्क्यांची अट पुन्हा वाचा. 200 घरांच्या गावात 20 घरांत लाइट असली की बाकीच्या अटी धरून गाव पास. उरलेली 180 घरं अंधारात असली तरी. 28 एप्रिल 2018 रोजी मणिपूरमधल्या लायसांग गावात वीज पोहोचली आणि देशातलं प्रत्येक गाव विद्युतीकृत झाल्याचं जाहीर झालं. ते खरंच होतं, पण गावापुरतं. प्रत्येक घरापुरतं नव्हतं. म्हणून तर सप्टेंबर 2017 मध्येच 'सौभाग्य' योजना सुरू करावी लागली होती. त्यात गाव नाही, घर मोजायचं ठरलं. मार्च 2022 ला ती संपली तोवर सुमारे 2 कोटी 86 लाख घरांना जोडणी मिळाली.

फरक आकड्यांतही दिसतो. 2011 च्या जनगणनेत ग्रामीण भारतातल्या 55.3 टक्के घरांनीच उजेडासाठी मुख्यतः वीज वापरतो असं सांगितलं होतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शहर-खेडी मिळून देशातले 96.8 टक्के लोक वीज असलेल्या घरांत राहतात असं आढळलं. ही मोठी मजल आहे, हे मान्यच करायला हवं.

पण जोडणी असणं वेगळं आणि लाइट असणं वेगळं. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे ग्रामीण भागात सरासरी पुरवठा आता दिवसाला सुमारे 22 तासांवर गेला आहे. ज्यांचा डीपी आठ-आठ दिवस जळून पडतो, त्यांना हे वाचून हसू येईल. सरासरीचं असंच असतं. एका वाडीत 24 तास आणि दुसरीत 20 तास, तरी सरासरी 22 च. शिवाय सिंगल फेज आहे म्हणजे घरात दिवे लागले, पण गिरणी आणि मोटर थ्री फेजशिवाय फिरत नाही. 'वीज आहे का?' या प्रश्नाला 'आहे' एवढंच उत्तर लिहिलं, तर हा सगळा फरक बुडतो.

सिलिंडर घरात, स्वयंपाक चुलीवर

दुसरं मोजमाप स्वयंपाकाचं. इथं जोडणी आणि वापर यांच्यातलं अंतर सगळ्यात जास्त आहे.

उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियातून सुरू झाली. 8 कोटी जोडण्यांचा टप्पा गाठला तेव्हा त्याचा कार्यक्रम आपल्याच राज्यात, औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) 7 सप्टेंबर 2019 रोजी झाला. पुढे हा आकडा 10 कोटींच्या वर गेला.

आता पाहणी काय सांगते बघा. 2019-21 मध्ये देशात 58.6 टक्के घरं स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरत होती, ग्रामीण भागात मात्र 43.2 टक्केच. म्हणजे खेड्यातल्या निम्म्याहून जास्त घरांत मुख्य इंधन लाकूड, गोवऱ्या किंवा पाचटच होतं. कारण कुणाला सांगायला नको. जोडणी एकदाच मिळते, पण सिलिंडर दर वेळी विकत घ्यावा लागतो. उज्ज्वलाचं एक घर 2019-20 मध्ये वर्षाला सरासरी 3 सिलिंडर भरत होतं, 2024-25 मध्ये साडेचारच्या जवळ. वाढ आहे, पण पाच माणसांच्या घरात वर्षभराचा सगळा स्वयंपाक तेवढ्यात होत नाही. चहा गॅसवर, भाकरी चुलीवर आणि अंघोळीचं पाणी बंबात, हा आपल्याकडचा रोजचा मेळ.

पाहणीत मात्र 'मुख्य इंधन कोणतं?' असं विचारतात आणि एकच उत्तर लिहून घेतात. दारात पाहुणा आलाय म्हटल्यावर 'गॅस आहे की आमच्याकडं' असं अभिमानाने सांगितलं, की चूल कागदावरून गायब होते. आणि चुलीबरोबर गायब होतो धूर, खोकला आणि बाईमाणसाचे जळणात गेलेले तास. जळणाच्या मोळीची पावती नसते. कोळसा, तेल, विजेचा हिशोब बिलावरून लागतो, सरपणाचा हिशोब फक्त अशा पाहण्यांमधून, अंदाजाने. म्हणून इथं खरं उत्तर फार मोलाचं.

यात एक गंमतही आहे. जागतिक मोजमापात लाकूडफाटा 'अक्षय ऊर्जे'त धरला जातो, कारण झाड पुन्हा वाढतं. म्हणजे एखाद्या देशात चुली जास्त असतील तर तिसऱ्या मोजमापात तो देश चांगला दिसतो आणि दुसऱ्यात वाईट! एकाच आकड्यावर खूश होऊ नये, ते यासाठीच.

शेतीपंप : मीटर नाही, मग युनिट आले कुठून?

महाराष्ट्रात लाखो शेतीपंपांना मीटर नाही. त्यांचं बिल एचपीवर निघतं. 2024 पासून राज्यात 7.5 एचपीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे आणि सुमारे 44 लाख शेतकरी त्यात येतात. पण मोफत म्हणजे बेहिशोबी नव्हे. शेतकऱ्याऐवजी सरकार पैसे भरतं आणि ते किती भरायचे हे पंपांनी वापरलेल्या युनिटवर ठरतं. मीटर नसेल तिथं हे युनिट अंदाजाने धरतात.

हिशोब ढोबळमानाने असा. 1 एचपी म्हणजे 0.746 किलोवॅट. 5 एचपीचा पंप 8 तास चालला की साधारण 30 युनिट. आता समजा एका फीडरवर असे 400 पंप आहेत. प्रत्येक पंप वर्षात 1,200 तास चालला असं धरलं, तर जवळपास 18 लाख युनिट होतात. पण डीपी जळाला, विहीर आटली, पाऊस लांबला म्हणून प्रत्यक्षात 900 तासच चालला असेल, तर साडेतेरा लाखांच्या आसपास. मधले साडेचार लाख युनिट गेले कुठं? ती गळती असेल, चोरी असेल, नाहीतर दुसऱ्याच कुणाचा वापर. पण कागदावर ते शेतकऱ्याच्या नावावर पडतात. गळती कमी दिसते आणि 'शेतकरी फार वीज खातो' असं म्हणायला आधार मिळतो. म्हणूनच वीज नियामक आयोगापुढे शेतीच्या वापराच्या आकड्यावर वर्षानुवर्षे वाद होत आले आहेत.

यावर उपाय म्हणजे शेतीचे फीडर वेगळे करणं आणि त्या फीडरच्या मीटरवरून वापर काढणं. सौर कृषी वाहिनी योजनेत हे फीडर सौर प्रकल्पाला जोडले जात आहेत, म्हणजे दिवसा वीज आणि मोजणीही सोपी. कुसुम योजनेतल्या सौर पंपांनाही दूरवरून माहिती पाठवणारं यंत्र असतं, त्यामुळे पंप किती चालला हे कळू शकतं.

'निम्मी वीज स्वच्छ झाली', हे खरं का?

2025 च्या मध्याला देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेचा निम्मा वाटा कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांचा झाला. 2030 चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं गेलं. बातमी खरी आहे, पण शब्द नीट वाचा : 'क्षमता'. विहिरीवर 10 एचपीचा पंप बसवला म्हणून पाणी वाढत नाही, विहिरीत असेल तेवढंच येतं. तसंच सौर प्रकल्प रात्री बंद, ढगाळ दिवशी अर्धवट. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजूनही सुमारे 70 टक्के वाटा कोळशाचा आहे. रात्री नऊला आपल्या घरात जळणारा दिवा बहुतेक वेळा कोळशावरच असतो.

मग आपण काय करायचं?

- प्रगणक आला की खरं सांगा. जास्त वेळा चुलीवर स्वयंपाक होत असेल तर चूलच सांगा. 'खरं सांगितलं तर अनुदान जाईल, रेशन बंद होईल' ही भीती सोडा. 1948 च्या जनगणना कायद्याप्रमाणे आपली वैयक्तिक माहिती गोपनीय असते, ती कोर्टात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही.
- स्वयंपाकाचं उत्तर घरातल्या बाईला देऊ द्या. चूल किती पेटते हे तिलाच माहीत.
- लाइट गेली की तक्रार नोंदवा. 1912 वर फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. वायरमनला तोंडी सांगितलेली गोष्ट कुठल्याच तक्त्यात जात नाही.
- बिलावरचा एचपी बघा. पंप 3 चा आणि कागदावर 5 असेल, तर लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या. बिल शून्य असलं तरी.
- जिल्ह्याचं पुस्तक मागा. जिल्हा सांख्यिकी कार्यालय 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' काढतं. त्यात आपल्या तालुक्याचे आकडे असतात.
- ग्रामसभेत विचारा. शाश्वत विकास ध्येयांवर आता ग्रामपंचायतींचंही मोजमाप होतं आणि त्याची माहिती ग्रामपंचायतीकडूनच वर जाते. आपल्या गावाची काय माहिती भरली, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. किती घरांना मीटर नाही, कुठल्या वस्तीवर थ्री फेज नाही, ही यादी विकास आराखड्यात घालायला सांगा.

सरकारी तक्त्यात जो रकाना रिकामा किंवा चुकीचा, त्याच्यासाठी पैसाही येत नाही. तारेवरचा आकडा वायरमन येऊन काढून नेईल. कागदावरचा आकडा एकदा चुकीचा बसला, की तो निघायला पुढच्या पाहणीपर्यंत थांबावं लागतं. मागच्या खेपेला ते थांबणं सोळा वर्षांचं झालं.