दहा जणांत एक तिकीट

दिवाळीच्या आठवड्यात लातूरच्या गंजगोलाईत पाय ठेवायला जागा नसते. सोळा रस्ते त्या गोलात येऊन मिळतात आणि सोळाही रस्त्यांवरून माणसं फक्त आतच येतायत असं वाटतं. दोन वर्षांपूर्वी त्या गर्दीत आमच्या लातूर ऑफिसचा एक जण राज्य लॉटरीचं दिवाळी बंपर घ्यायला उभा होता. खिशात दहा जणांचे मिळून हजार रुपये. सहा आम्ही नांदेडचे, चार लातूरचे. प्रत्येकी शंभर. ‘काँट्री’ काढून वडापाव खाणारी आम्ही मंडळी, या वेळी काँट्री काढून करोडपती होणार होतो.

मी अकाउंट्सला आहे. त्यामुळे या भानगडीत मला पहिल्यांदा घेतलं ते एका अटीवर. ‘मॅडम, पैसे द्या, पण हिशोब नका सांगू.’

मी सांगितलाच. आता तुम्हालाही सांगते.

लॉटरी दोन प्रकारची असते. एक आपल्या राज्य लॉटरीसारखी, म्हणजे तिकिटावर नंबर आधीच छापलेला. जेवढी तिकिटं, तेवढ्यात तुमचं एक. दुसरीत आकडे तुम्ही निवडता. २००० नंतरच्या दशकात गावोगावी प्लेविनची मशीनं लागली होती, त्यातला सुपर लोट्टो आठवत असेल. ४९ आकड्यांतले सहा निवडायचे. सहाही बरोबर येण्याची शक्यता १ कोटी ३९ लाख ८३ हजार ८१६ मध्ये एक.

हा आकडा वाचून काहीच होत नाही ना? माझंही झालं नव्हतं. मग मी तो आपल्या भाषेत आणला. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्यात सुमारे ३३ लाख ६१ हजार माणसं होती आणि लातूरमध्ये २४ लाख ५४ हजार. दोन्ही जिल्हे मिळून ५८ लाख. किनवटपासून निलंग्यापर्यंतचं प्रत्येक माणूस, पाळण्यातल्या बाळासकट, एका मैदानात उभं करा. तशी दोन मैदानं पूर्ण भरा आणि तिसरं अर्धं होत आलं की थांबा. आता डोळे बांधून त्यातलं एकच माणूस पकडायचं, आणि ते तुम्हीच निघायला हवं.

लातूरकरांना याहून सोपं उदाहरण पटतं. ‘लातूर पॅटर्न’ची पोरं एमसीक्यूवर वाढलेली. चार पर्याय, एक बरोबर. पेपर न वाचता, नुसता तुक्का मारत ओळीने बारा प्रश्न बरोबर आणायचे, याची शक्यता १ कोटी ६८ लाखांत एक. म्हणजे सुपर लोट्टोचा जॅकपॉट लागणं हे साधारण बारा तुक्के लागोपाठ बरोबर येण्याइतकं अवघड. कुठल्याही क्लासच्या सरांना जाऊन सांगा की मी अभ्यास करत नाही, बारा तुक्क्यांच्या भरवशावर आहे. काय म्हणतील ते इथे छापता येणार नाही.

‘पण मॅडम, आपण दहा जण आहोत ना!’

इथेच ग्रुपने खेळण्याची खरी गंमत आहे आणि इथेच सगळे गंडतात. समजा तिकीट १० रुपयांचं आहे आणि एकटी मी आठवड्याला ५० रुपये घालते. पाच तिकिटं. दहा जण आलो की पन्नास. शक्यता दहा पट झाली, हे खरं. बक्षीसही दहा जणांत वाटलं गेलं, हेही खरं. माझ्या पन्नास रुपयांमागे सरासरी मला जे परत येणार होतं, ते तेवढंच राहिलं. ग्रुप करून रुपयाचा एक पैसाही जास्त होत नाही. तुम्ही क्वचित मिळणारा मोठा डबा देऊन जरा कमी क्वचित मिळणारा छोटा डबा घेता, एवढंच. आणि ‘कमी क्वचित’ म्हणजे किती? दर आठवड्याला पन्नास तिकिटं न चुकता घेतली, तर जॅकपॉट एकदा तरी लागण्याची शक्यता निम्मी व्हायला साधारण ३,७०० वर्षं लागतील. एकटीने खेळले तर ३७ हजार. भावी पिढ्यांची आधीच माफी मागते.

आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात ज्येष्ठ काकांनी हे शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘बेटा, शंभर रुपयांत आठ दिवस बंगला कुठे बांधायचा यावर भांडता येतंय. पिक्चरचं तिकीट केवढ्याला आहे?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्या काकांना लॉटरीचा इतिहासही पाठ. महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली १९६९ साली. तेव्हा मुंबईतून गावागावांत मटका पोचला होता आणि लोकांचा पैसा बेकायदा आकड्याकडे जाण्यापेक्षा सरकारी तिकिटाकडे यावा, हा त्यामागचा एक विचार. गंमत अशी, की मटक्याच्या एकेरी आकड्याला दहात एक शक्यता आणि पैसे नऊ पट, म्हणजे नुसत्या गणितात बेकायदा मटका कित्येक सरकारी लॉटऱ्यांपेक्षा उदार. (म्हणून कुणी आकडा लावायला जाऊ नका. रोज दोनदा उदार होणारा माणूस घर विकायला लावतो.) १९९८ च्या केंद्रीय लॉटरी कायद्याने एकेरी आकड्यावर बक्षीस द्यायला बंदी घातली आणि एका लॉटरीची आठवड्यातून एकच सोडत, असंही म्हटलं. पण लॉटऱ्यांची नावं कितीही ठेवता येतात. त्या फटीतून पुढे ऑनलाइन सेंटरांवर दर पंधरा मिनिटांनी निकाल लागायला लागले. आमच्या कॉलेजच्या काळात अशा सेंटरसमोर सकाळपासून बसलेली पोरं मी पाहिली आहेत. माझ्या मते ग्रुपचा एकमेव खरा फायदा इथे आहे. शंभर म्हणजे शंभर. हरल्याच्या रागात रात्री आणखी पाचशे घालायचे तर नऊ जणांना विचारावं लागतं.

मल्याळी बायकांची गोष्ट

मग लागत कुणालाच नाही का? लागतं. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या परप्पनंगडी नगरपालिकेत घरोघर जाऊन प्लास्टिकचा कचरा गोळा करणाऱ्या, हरित कर्म सेनेच्या अकरा बायका. २०२३ साली त्यांनी २५० रुपयांचं मान्सून बंपर काढलं. नऊ जणींनी २५-२५ रुपये दिले. उरलेल्या दोघींकडे तेवढेही नव्हते, म्हणून त्यांनी मिळून २५ दिले, साडेबारा-साडेबारा. पहिलं बक्षीस लागलं, दहा कोटी.

आता अकाउंट्सवाली जागी होते. दहा कोटी हातात येत नाहीत. तेव्हा केरळमध्ये दहा टक्के एजंटचं कमिशन जायचं. राहिले नऊ कोटी. त्यावर ३० टक्के आयकर कापून राहिले ६ कोटी ३० लाख. वरचा अधिभार आणि उपकर वेगळा. म्हणजे २५ रुपयांच्या एका वाट्याला साधारण ६३ लाख आणि साडेबारावालीला त्याच्या निम्मे. लॉटरीच्या उत्पन्नावर कसलीही सूट नाही, ‘माझं बाकी उत्पन्नच नाही’ म्हणून चालत नाही. शिवाय तिकिटावरचा जीएसटी २०२० पासून २८ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. तो तुम्ही तिकीट घेतानाच भरलेला असतो.

मला त्या गोष्टीत पैशांपेक्षा साडेबारा रुपये जास्त आवडतात. कुणी किती दिले हे अकरा जणींना तोंडपाठ होतं आणि वाटणीही तशीच झाली. बक्षिसानंतरही काम सोडणार नाही म्हणून त्या परत कचरा उचलायला गेल्या.

ग्रुप मोठा करून गणितालाच हरवणारा एक महाभागही होऊन गेला, स्टीफन मँडेल. मूळचा रुमानियाचा, नंतर ऑस्ट्रेलियन. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या लॉटरीत ४४ पैकी सहा आकडे निवडायचे होते, म्हणजे एकूण ७०,५९,०५२ जोड्या. तिकीट एक डॉलरला, जॅकपॉट २ कोटी ७० लाख डॉलरचा. त्याने अडीच हजारांच्या आसपास लोकांचे पैसे जमवून सगळीच तिकिटं घ्यायची ठरवली! वेळेत पन्नास लाखांच्या आसपासच घेता आली, तरी जिंकला. आमच्या ग्रुपवर हे टाकल्यावर लातूरहून एकच मेसेज आला, ‘आपण अडीच हजार माणसं गोळा करू शकतो, लग्नाला करतोच की.’

एक टीप मात्र ऐकाच. आकडे निवडायच्या लॉटरीत वाढदिवसाचे आकडे टाकू नका. त्याने जिंकण्याची शक्यता कमी होत नाही, वाटेकरी वाढतात. जानेवारी १९९५ मध्ये ब्रिटनच्या नॅशनल लॉटरीत ७, १७, २३, ३२, ३८ आणि ४२ हे आकडे आले आणि १३३ जणांचे सारखेच निघाले. कोट्यवधी पौंडांच्या जॅकपॉटमधून प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा लाख पौंडही नाही.

पाच हजार

आमच्या बंपरचं काय झालं? पाच तिकिटं आली. त्याच रांगेत त्याने स्वतःसाठी एक सहावं घेतलं. स्वतःच्या पैशांनी. आम्हाला त्याची कल्पना नव्हती आणि असती तरी काय? सोडत झाली, आणि सहापैकी एका तिकिटाला पाच हजार लागले.

त्याने फोन करून सरळ सांगितलं, ‘माझ्या तिकिटाला लागलेत.’

मी म्हटलं, ‘अभिनंदन, पार्टी दे.’ पण ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘सहा तिकिटं कधी घेतली?’ मग दुसऱ्याने, ‘नंबर आधी टाकायला पाहिजे होते.’ फोटो कुणाकडेच नव्हता. पाच तिकिटं कुठली आणि सहावं कुठलं, हे सांगणारा तो एकटाच. पाच हजार भागिले दहा, पाचशे रुपये. एवढ्यासाठी आठ वर्षं एका ताटात जेवलेली माणसं एकमेकांना ‘आपण’ म्हणून मेसेज करायला लागली. काका मला म्हणाले, ‘काय करायलीस तू, हिशोब कर की.’ कशाचा हिशोब करू? गणितात काहीच अडचण नव्हती.

तिसऱ्या दिवशी नऊ जणांच्या खात्यात पाचशे-पाचशे रुपये आले. सोबत काही लिहिलेलं नव्हतं. दोघांनी परत पाठवले, बाकीच्यांनी ठेवून घेतले. माझे अजून तसेच आहेत, त्यांना हात लावलेला नाही. तो ग्रुपमधून बाहेर पडला. ऑफिसच्या कामापुरतं बोलायचा, ‘मॅडम, व्हाउचर पाठवा.’

भिशीत असं होत नाही, कारण तिथे वही असते. कुणाचा नंबर कधी, कुणी किती भरले, सगळं लिहिलेलं. चिठ्ठी तिथेही निघते, पण तुमचे पैसे तुमच्याकडेच येतात, फक्त कधी ते ठरतं. लॉटरीच्या ग्रुपला बचत समजू नये आणि वही मात्र भिशीची ठेवावी. तिकीट घेतल्याबरोबर सगळ्यांचे नंबर ग्रुपवर. कुणी किती दिले, या वेळी कोण नाही, ते आधी. ज्याच्या हातात तिकीट त्याने स्वतःचं वेगळं घ्यायचं असेल तर घ्यावं, पण त्याचाही फोटो आधीच टाकावा. आणि मोठं लागलंच, तर दावा करण्याआधी सगळ्यांच्या सह्यांचा कागद आणि एक सीए.

गेल्या दिवाळीला कामासाठी लातूरला गेले होते. संध्याकाळी तोच मला गोलाईत घेऊन गेला, भजी खाऊ म्हणाला. लॉटरीच्या टेबलापाशी आम्ही दोघंही थांबलो, कुणी आधी थांबलं ते माहीत नाही. दोघांनी शंभर-शंभर काढले. तिकीट हातात आल्यावर त्याने ते टेबलावर सपाट ठेवलं, मोबाइल माझ्याकडे दिला आणि म्हणाला, ‘मॅडम, आधी फोटो काढा. मग भजी.’