नव्याने जुळविलेल्या संगणकाचा पडदा कोरा राहिल्यास

सुटे भाग आणून घरच्या घरी संगणक जुळविण्याची हौस आता शहरांपुरती राहिलेली नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा कुरिअरने भाग मागवून खेड्यांतील शिक्षकही असे यंत्र उभे करतात. पैसे वाचतात आणि यंत्राची ओळखही होते. परंतु सर्व भाग बसवून बटण दाबावे, पंखे फिरावेत, दिवे लागावेत आणि पडदा मात्र काळाच राहावा, असा प्रसंग पुष्कळांवर येतो. अशा वेळी घाबरून 'मदरबोर्ड गेला' असे ठरविले जाते आणि दुसरा विकत आणला जातो. बचतीच्या पैशांतून घेतलेल्या वस्तूंविषयी इतका घाईचा निर्णय योग्य नव्हे. नव्या जुळणीत दोष बहुधा भागांत नसून जोडणीत असतो.

पडद्यावर पहिले अक्षर उमटण्यापूर्वी यंत्र काय करते, हे प्रथम समजून घ्यावे. पॉवर सप्लाय घरातील २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ व ३.३ व्होल्टची एकदिश वीज तयार करतो आणि ती स्थिर झाली की मदरबोर्डला तशी खूण देतो. त्यानंतर प्रोसेसर मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठविलेली 'बायोस' ही आज्ञावली चालवू लागतो. ती आज्ञावली प्रोसेसर, रॅम व ग्राफिक्स यांची तपासणी करते. तीत सर्व ठीक ठरले तरच पडदा उजळतो. डिस्क व विंडोज यांची पाळी त्यानंतर येते. यास्तव कंपनीचे बोधचिन्हदेखील पडद्यावर दिसले नसेल, तर 'विंडोज पुन्हा घालून पाहा' हा सल्ला सर्वस्वी निरुपयोगी होय. तसेच पंखा फिरतो याचा अर्थ १२ व्होल्टची वीज पंख्यापर्यंत पोचली, एवढाच. प्रोसेसर कामास लागला, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

शोधास बाहेरून आरंभ करावा. मॉनिटर 'सिग्नल नाही' असे दाखवीत असेल, तर त्यास वीज मिळत आहे. चित्र मात्र पोचत नाही. मॉनिटरच्या बटणांनी केबल ज्या जागी लावली तीच जागा निवडली आहे काय, हे पाहावे. कॅबिनेटच्या मागे चित्राची केबल लावण्याच्या जागा दोन ठिकाणी असू शकतात: एक कीबोर्ड, माउस यांच्या शेजारी मदरबोर्डची, दुसरी खाली ग्राफिक्स कार्डाची. कार्ड बसविले असेल तर केबल कार्डासच लावावी. येथे प्रोसेसरचे नाव नीट वाचणे आवश्यक आहे. रायझेन ५ ५६०० जी या प्रोसेसरमध्ये चित्र काढण्याची सोय आहे. रायझेन ५ ५६०० मध्ये ती नाही. इंटेलच्या ज्या नावांच्या शेवटी 'एफ' असते, त्यांतही ती नसते. असा प्रोसेसर घेऊन कार्ड न बसविल्यास सर्व भाग उत्तम असूनही पडदा जन्मभर काळाच राहील.

आता कॅबिनेट उघडावे. पण त्यापूर्वी प्लग काढून सुरू करण्याचे बटण एकदा दाबावे, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूस हात लावून मगच भागांना स्पर्श करावा. पॉवर सप्लायची पेटी मात्र कदापि उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरांत धोकादायक विद्युत्भार राहू शकतो.

आत सर्वाधिक विसरली जाणारी वस्तू म्हणजे प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यातील ८ पिनांची वीजजोडणी. २४ पिनांची मोठी जोडणी केली की काम झाले असे वाटते, पंखेही फिरतात. पण प्रोसेसर उपाशीच असतो. मोठ्या ग्राफिक्स कार्डासही स्वतंत्र वीज द्यावी लागते, कारण खाचेतून त्यास ७५ वॅटपर्यंतच वीज मिळते.

त्याखालोखाल रॅम. नवखा मनुष्य ती हळुवार दाबतो आणि ती अर्धवट बसते. टोकाचा खटका 'टक्' असा वाजेपर्यंत सरळ दाब द्यावा. चार खाचा असलेल्या बहुतेक मदरबोर्डांवर दोन पट्ट्या प्रोसेसरकडून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसतात. डीडीआर ५ जातीची रॅम असल्यास पहिल्या वेळी यंत्र तिची जुळवणी करीत काही मिनिटे स्तब्ध बसते. उतावीळपणे बटण दाबून हे काम मोडू नये. दहा-पंधरा मिनिटे वाट पाहण्यास खर्च काहीच नाही.

एक अडचण डोळ्यांना दिसतच नाही. बी ४५० जातीचे मदरबोर्ड २०१८ साली निघाले आणि रायझेन ५००० मालिका नोव्हेंबर २०२० मध्ये. खाच तीच असल्याने नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर बसतो. परंतु त्यातील बायोस जुनी असल्यास ती त्यास ओळखत नाही. काही मदरबोर्डांवर प्रोसेसरविना, केवळ पेनड्राइव्हवरून बायोस नवी करण्याचे बटण असते. ते नसेल तर विक्रेत्याकडून हे काम करून घ्यावे.

एवढ्यानेही यश न आल्यास भाग बाहेर काढून मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. त्यावर पंख्यासह प्रोसेसर, रॅमची एकच पट्टी आणि आवश्यक असेल तरच ग्राफिक्स कार्ड, एवढेच ठेवावे. माहितीपुस्तिकेत पाहून बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडाव्या. आता पडदा उजळला, तर दोष कॅबिनेटमध्ये आहे असे समजावे; पुष्कळदा एखादा पितळी टेकू नको त्या जागी राहून मदरबोर्डच्या पाठीस टेकलेला आढळतो. पडदा न उजळल्यास प्लग काढून नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवावी, म्हणजे बायोसची मांडणी मूळपदावर येते. मग दुसरी पट्टी, दुसरी खाच, असा एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केल्यास कोणत्याने गुण आला हे कळत नाही. अनेक मदरबोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स अशा नावांचे छोटे दिवे असतात. जो दिवा लागून राहतो, त्याच टप्प्यावर तपासणी थांबली असे समजावे.

शेवटी प्रत्येक भाग परिचितांच्या चालू यंत्रात लावून पाहता आला तर उत्तम. मात्र खाच व रॅमची जात जुळली पाहिजे. डीडीआर ४ व डीडीआर ५ दोन्हींना २८८ संपर्क असले, तरी मधली खाच वेगळी असल्याने त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. काय केले, कोणता दिवा लागला, कोणती पट्टी कोठे लावली, हे कागदावर तारखेसह लिहून ठेवावे आणि बदलून घेण्याची मुदत संपण्यापूर्वी तो कागद व बिल घेऊन दुकानी जावे.