नातीच्या ‘रिसिम’चा भाव कसा ठरतो?



आपल्यापैकी काहींच्या नाती घरच्याच एका खोलीत पापण्यांना केस लावण्याचे काम करतात. हिब्रूत याला सगळे नुसते ‘रिसिम’ म्हणतात. समजा, नात पहिल्या वेळचे २५० शेकेल घेते. आकडा ऐकून आजी म्हणते, “इवल्याशा केसांचे एवढे पैसे?” शिवाय मावशी, भावजय, शेजारीण यांच्यासाठी ‘हनाखा’ मागायलाही आजीलाच पुढे करतात. म्हणून या भावाचा हिशोब आम्ही येथे मांडत आहोत.

आधी काम पाहू. गिऱ्हाईक डोळे मिटून आडवे पडते. मुलगी चिमट्याने पापणीचा एकेक केस वेगळा करते आणि त्यावर एक कृत्रिम केस चिकटवते. दोन्ही डोळ्यांचे काम व्हायला सुमारे दोन तास लागतात. गाद्या, चिमटे साफ करणे, फोनवर वेळ ठरवणे, यात आणखी अर्धा तास जातो. गोंदाची बाटली एकदा उघडली की काही आठवड्यांत तिचा जोर उतरतो. गिऱ्हाइके आली नाहीत तरी ती टाकून द्यावी लागते.

आता २५० शेकेलचा हिशोब उदाहरणादाखल करू. केस, गोंद, पट्ट्या यांचे ३० धरा. वीज, खोली, विमा, शिक्षणाचा खर्च यांचा वाटा ४० धरा. उरले १८०. अडीच तासांनी भागले तर तासाला ७२. त्यातूनच बितुआख लेउमी भरायचे, आणि ज्या दिवशी कोणी येत नाही तो दिवसही काढायचा.

आता ओळखीखातर ५० शेकेल सोडले, तर गोंद स्वस्त होत नाही, तासही कमी होत नाहीत. उरतात १३०, म्हणजे तासाला ५२. भाव पाचव्या हिश्श्याने उतरला, पण मुलीची मजुरी पाव हिश्श्याहून अधिक गेली.

कोकणात आपले वाडवडील तेलाचे घाणे चालवीत. त्या तेलाच्या भावात तीळ होते, तसा बैलाचा चारा आणि घाणेवाल्याचा दिवसही होता. येथेही तोच हिशोब आहे.

सरकारचा हिस्सा निराळा. २०२५ साली वर्षाची विक्री १,२०,००० शेकेलपर्यंत असेल तर ‘ओसेक पातूर’ राहता येते. मग गिऱ्हाइकाकडून माआम घ्यायचा नसतो. त्यापुढे ‘ओसेक मुर्शे’ व्हावे लागते. तेव्हा १८ टक्के माआम धरून २५० घेतले, तर त्यातले सुमारे ३८ शेकेल माआमचे असतात. म्हणून धंदा वाढला की भावही वाढवावा लागतो.

‘मिल्लुई’ दर दोन-तीन आठवड्यांनी का, असेही विचारतात. आपले केस आपोआप गळतात आणि चिकटवलेला केस त्यांच्याबरोबर जातो. तेवढेच भरायचे असल्याने मिल्लुईचा भाव कमी असतो. फार उशिरा गेल्यास बहुतेक केस गळलेले असतात. मग काम नव्यासारखेच होते आणि पैसेही तसेच पडतात.

आमची विनंती एवढीच: नातीच्या वतीने कोणाला सूट कबूल करू नका. भाचीला भेट द्यायचीच असेल, तर ते ५० शेकेल आपल्या बटव्यातून द्या. आणि ठरलेल्या वेळी येणे जमत नसेल, तर एक दिवस आधी फोन करायला पाहुण्यांना सांगा. त्या अडीच तासांत नात दुसरे गिऱ्हाईक घेऊ शकेल.