वादळ, वाडी आणि संत्र्याची बाग

नागपूर शहराच्या दक्षिणेस लागून असलेल्या बेसा गावापासून अरबी समुद्राचा किनारा सरळ रेषेत सुमारे सातशे किलोमीटर दूर आहे. चक्रीवादळ ही किनाऱ्यावरील लोकांनी सोसावयाची आपत्ती असून आपला तिच्याशी संबंध नाही, अशी समजूत आपल्याकडील शेतकऱ्यांत असणे स्वाभाविक आहे. तथापि ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन थडकलेले ‘निसर्ग’ चक्रीवादळ दुसऱ्या दिवशी पहाटे, बरेच क्षीण होऊन का होईना, पश्चिम विदर्भापर्यंत येऊन पोहोचले होते.

संबंध एवढाच नाही. कोकणातील नारळी-पोफळीची वाडी आणि नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर या तालुक्यांतील संत्र्याची बाग ही दोन्ही दीर्घायुषी पिके होत. हंगामी पीक बुडाले तर एक वर्ष जाते. बाग बुडाली तर शेतकऱ्याच्या उमेदीची आठ-दहा वर्षे जातात. म्हणून कोकणातील बागायतदारांनी त्या वादळात काय पाहिले, काय सोसले आणि त्यांतून ते काय शिकले, हे आपल्या भागातील संत्रा बागायतदारांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

वाऱ्याचे दोन तास

मे २०२० च्या अखेरीस आग्नेय अरबी समुद्रात लक्षद्वीपनजीक कमी दाबाचा पट्टा निर्माण झाला. २ जून रोजी त्याचे चक्रीवादळात रूपांतर झाले आणि ३ जून रोजी दुपारी साडेबारा ते अडीच या वेळात ते अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून जमिनीवर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता व झोत ताशी १३० किलोमीटरपर्यंत जात होते. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, माणगाव, रोहा, तळा व अलिबाग हे रायगड जिल्ह्यातील तालुके आणि मंडणगड व दापोली हे रत्नागिरी जिल्ह्यातील तालुके या माऱ्यात सापडले.

हवामान खात्याची पूर्वसूचना वेळेवर मिळाली होती. किनाऱ्यालगतच्या हजारो लोकांस शाळा व अन्य पक्क्या इमारतींत हलविण्यात आले, होड्या वर ओढून घेण्यात आल्या आणि त्यामुळे पुष्कळ प्राण वाचले. पूर्वसूचनेचे हे यश मोठे आहे. परंतु माणसाप्रमाणे झाडास हलविता येत नाही.

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वेळास, केळशी या गावांतील लोकांच्या सांगण्यात एक गोष्ट पुनःपुन्हा येते. वादळ समुद्राकडून येणार म्हणून त्यांनी पश्चिमेची दारे-खिडक्या घट्ट बांधल्या. पण पहिला मारा बसला तो जमिनीच्या बाजूने. त्याचे कारण असे की, आपल्या गोलार्धात चक्रीवादळातील वारे केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. केंद्र समुद्रात असताना किनाऱ्यावर वारा पूर्वेकडून येतो. केंद्र जमिनीवर येऊन पुढे सरकले म्हणजे तो फिरतो आणि पश्चिमेकडून, समुद्रावरून येऊ लागतो. पहिल्या माऱ्याने मुळे सैल झालेली झाडे दुसऱ्या माऱ्याने कोसळली. वारा मंदावला असे समजून मध्येच घराबाहेर पडणे किती धोक्याचे असते, हेही यावरून ध्यानात येईल.

गावोगावी झालेली बेटे

श्रीवर्धनचा मुलूख नकाशावर पाहिला असता त्याच्या पश्चिमेस समुद्र, उत्तरेस राजपुरीची खाडी आणि दक्षिणेस सावित्री नदीची बाणकोट खाडी दिसते. एरव्ही हा भाग रस्त्यांनी महाडशी व माणगावशी जोडलेला आहे. ३ जूनच्या सायंकाळी मात्र रस्त्यांवर आडवी पडलेली आंबा, फणस, वड, पिंपळ यांची झाडे, मोडून पडलेले विजेचे खांब आणि बंद पडलेले दूरध्वनी यांमुळे एकेक गाव बेटासारखे एकाकी पडले. शेजारच्या गावातील आप्तेष्ट सुखरूप आहेत की नाहीत, हे कळावयासही काही ठिकाणी दोन-दोन दिवस लागले. वीज कित्येक गावांत अनेक आठवडे आली नाही. पंप बंद म्हणून पाणी नाही, गिरणी बंद म्हणून पीठ नाही, अशी स्थिती झाली. ज्यांच्या घरी जुनी आड-विहीर व रहाट शिल्लक होता, त्यांच्या अंगणात साऱ्या आळीने पाणी भरले.

ते दिवस टाळेबंदीचे होते. मुंबईहून परतलेले चाकरमानी गावांत होते आणि बाहेरून मजूर येणे दुरापास्त होते. तेव्हा गावातील तरुणांनीच कोयते, कुऱ्हाडी व करवती घेऊन प्रथम रस्ते मोकळे केले. त्याच सुमारास रोहिणी नक्षत्र संपत आले होते व मृगाचा पाऊस तोंडावर होता. छपरांचे पत्रे उडालेले, कौले फुटलेली आणि घरात ठेवलेले भाताचे बियाणे भिजलेले, अशा अवस्थेत अनेक कुटुंबांस एकाच आठवड्यात घरही शाकारावयाचे होते व रोपवाटिकाही पेरावयाची होती. वादळाचे खरे कष्ट वारा थांबल्यावर सुरू होतात, असा त्या गावकऱ्यांचा अनुभव आहे.

वाडीचे नुकसान: पडलेली आणि उभी राहिलेली झाडे

पोफळ हे एकाच शेंड्यावर जगणारे झाड आहे. त्यास फांद्या नसतात. शेंडा मोडला किंवा पिळवटला गेला की झाड संपले. आंबा वा संत्र्याप्रमाणे त्यास बाजूने नवी फूट येत नाही. पोफळीची लागवड दाट, म्हणजे सुमारे २.७ मीटर अंतरावर असते आणि वाडीत नारळ, जायफळ, दालचिनी, मिरी व केळी यांची सोबत असते. अशा वाडीत उंच माड कोसळला म्हणजे तो एकटा पडत नाही. भोवतालच्या पाच-दहा पोफळी घेऊन पडतो. श्रीवर्धन, मुरूड व दिवेआगर येथील पिढ्यान्पिढ्यांच्या सावलीच्या वाड्या एका दुपारीत उघड्या पडल्या.

उभ्या राहिलेल्या झाडांचा प्रश्न त्याहून नाजूक होता. पोफळीचे खोड कडक उन्ह सहन करीत नाही. शेजारची सावली गेल्यावर दक्षिण व पश्चिम बाजूने खोडावर उन्हाचे चट्टे पडतात, साल तडकते व पुढे तेथूनच खोड कुजून मोडते. तसेच पडलेल्या माडांची कुजणारी खोडे वाडीत तशीच राहिल्यास त्यांत गेंड्या भुंग्याची वाढ होते, आणि जखमी झाडांकडे सोंड्या भुंगा आकर्षित होतो. त्यामुळे वादळातून वाचलेली झाडे पुढील दोन-तीन वर्षांत कीडीने व उन्हाने जाण्याचा धोका असतो.

नवी वाडी उभी करणे हे तर धीराचे काम. सुपारीचे रोप रोपवाटिकेत दीड-दोन वर्षांचे झाल्यावर लावावयाचे, त्यास केळीची सावली द्यावयाची आणि उत्पन्नासाठी आणखी पाच-सहा वर्षे थांबावयाचे; भरघोस पीक त्याहूनही पुढे. उंच जातीच्या माडासही सहा-सात वर्षे लागतात. साठीच्या घरात असलेल्या बागायतदाराने रोप लावावे की नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ हिशेबाचा उरत नाही. पुष्कळांनी लावले. झाड लावणारा आणि फळ खाणारा एकच असावा असा आग्रह कोकणच्या वाडीने कधी धरलेला नाही.

मोजदाद आणि मदत

या वादळानंतर शासनाने फळबागांच्या मदतीचा दर वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत, असा केला. परंतु कोकणातील वाडी हेक्टरने नव्हे, गुंठ्याने मोजली जाते. दहा गुंठ्यांच्या वाडीस या हिशेबाने ५,००० रुपये येतात आणि तेवढ्या जागेत सव्वाशेहून अधिक पोफळी असू शकतात. पडलेली खोडे कापून बाहेर काढण्याचा खर्चच याहून अधिक होत असल्याचे बागायतदारांनी निदर्शनास आणले व झाडांच्या संख्येवर मदत मिळावी अशी मागणी केली. पुढे नारळ व सुपारीसाठी प्रति झाड मदतीचा निर्णय झाला.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. ज्यांच्या सातबारा उताऱ्यावर झाडांची नोंद होती, त्यांचे पंचनामे सुकर झाले. ज्यांच्या वाडीची नोंदच नव्हती किंवा जमीन अनेक भावंडांच्या सामाईक नावावर होती, त्यांस कागदपत्रांसाठी हेलपाटे घालावे लागले.

संत्रा बागायतदारांनी काय करावे

आपल्याकडे चक्रीवादळाचा तडाखा प्रत्यक्ष बसत नसला तरी मार्च ते जून या काळातील वावटळी, वळवाचा पाऊस व गारपीट यांचा अनुभव नवा नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने विदर्भासह राज्याच्या मोठ्या भागातील पिके व फळबागा झोडपून काढल्या होत्या. हे संकट नेमके आंबिया बहार झाडावर असताना येते. संत्र्याचे झाड पोफळीहून सुदैवी आहे. त्याची फांदी मोडली तरी नवी फूट येते. परंतु हे सुदैव उपयोगी पडावयाचे तर पुढील गोष्टींकडे लक्ष पुरविले पाहिजे.

वादळापूर्वी: बागेच्या पश्चिम व दक्षिण बाजूस वारा अडविणाऱ्या झाडांच्या दोन-तीन ओळी लावाव्यात. हा पडदा भिंतीसारखा घट्ट नसावा. घट्ट पडद्यावरून वारा उसळी घेऊन आत कोसळतो. काहीसा झिरपणारा पडदा वाऱ्याचा वेग मोडतो आणि आपल्या उंचीच्या सुमारे पंधरा ते वीस पट अंतरापर्यंत कमी-अधिक संरक्षण देतो. या ओळी व संत्र्याची पहिली ओळ यांत पुरेसे अंतर ठेवावे व मधोमध चर खणावा, म्हणजे मुळांची स्पर्धा होत नाही. फळांनी लदलेल्या फांद्यांस बांबूचे टेकू द्यावेत. वाळलेली सल दरवर्षी काढावी. पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत चर काढून निचरा करावा, कारण चिखलात उभे असलेले झाड थोड्या वाऱ्यानेही कलते. सातबाऱ्यावर झाडांची संख्या नोंदवून घ्यावी, बागेची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि फळपीक विमा विहित मुदतीत उतरवावा.

वादळानंतर: कललेले वा उन्मळलेले झाड, निम्मी मुळे जमिनीत शाबूत असल्यास, मुळ्या सुकण्यापूर्वी, शक्य तर त्याच दिवशी उभे करावे. त्यापूर्वी फांद्यांचा विस्तार छाटून कमी करावा, तुटलेली मुळे धारदार हत्याराने साफ कापावीत व झाड उभे केल्यावर माती दाबून टेकू द्यावा. माती चढविताना कलमाचा जोड जमिनीच्या वर राहील याची खबरदारी घ्यावी. जोड मातीत गाडला गेल्यास डिंक्या रोगास आमंत्रण मिळते. मोडक्या फांद्या खोडापाशी गुळगुळीत कापून जखमांवर बोर्डो मलम (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी) लावावे. गारांचा मार बसलेल्या झाडांवर १ टक्का बोर्डो मिश्रणाची (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी) फवारणी करावी. गळालेली फळे बागेत कुजू न देता गोळा करून खोल पुरावीत. आळ्यांत साचलेले पाणी त्वरित काढून द्यावे. नुकसानीची सूचना विमा यंत्रणेस, तसेच महसूल व कृषी विभागांच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्यांस विनाविलंब द्यावी आणि पंचनामा होईपर्यंत नुकसानीची छायाचित्रे जपून ठेवावीत.

गावाने मिळून करावयाची कामे

एका शेतकऱ्याने एकट्याने करण्याजोगे नसलेले असेही काही आहे. यांत्रिक करवत, दोरखंड, ताडपत्री व विजेविना पाणी उपसण्याची सोय ही साधने प्रत्येक गावात एका ठिकाणी, सुस्थितीत व सर्वांस ठाऊक असलेल्या जागी असली पाहिजेत. कोकणातील काही गावांत पहिले दोन दिवस बाहेरून फारसे काही येऊ शकले नाही. जे गावात होते तेच कामी आले. बेसा व आसपासच्या गावांत आता घरे दाटीने उभी राहिली आहेत, तेव्हा रस्त्यावर व विजेच्या तारांवर झुकलेली जुनी झाडे उन्हाळ्यापूर्वी पाहून संबंधित कार्यालयास कळविणे, हेही काम याच सदरात मोडते.

‘निसर्ग’ वादळास वर्षही पुरे होण्यापूर्वी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला समांतर जात गुजरातेकडे गेले. ज्या वाड्यांत नुकतीच रोपे लावली होती त्यांस पुन्हा वाऱ्याशी गाठ पडली. तरीही आज तेथे केळीच्या सावलीत पोफळीची नवी रोपे वाढताना दिसतात. ती फळे देऊ लागेपर्यंत त्यांची निगा राखणे त्या बागायतदारांच्या हाती आहे. आपल्या बागेभोवती वाऱ्याचा पडदा उभा करावयास मात्र आपल्याला अशा एखाद्या दुपारची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या पावसाळ्यात बांधावर लावलेली रोपे काही वर्षांत संत्र्याच्या झाडांहून उंच होतील. यास्तव बागायतदार बंधूंनी या कामास याच मृगापासून आरंभ करावा.