मोतीच्या कानाला खाच का?

तुमच्या गल्लीतल्या कुत्र्यांचे कान कधी नीट बघितलेत? लांबूनच बघा हं, ओढून नव्हे! आमच्या गल्लीतल्या मोतीच्या एका कानाच्या टोकाला छोटीशी खाच आहे. उंदराने पोळीची कड कुरतडावी, अगदी तशी. समोरच्या घरातल्या सईची खात्रीच होती की मोतीची कुणाशी तरी जोरदार मारामारी झाली असणार. पण ती खाच कुठल्या कुत्र्याने केलेली नाही. ती केलीय डॉक्टरांनी!

मोतीला एकदा गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. भूल देऊन त्याची नसबंदी केली, म्हणजे आता त्याच्यापासून पिल्लं होणार नाहीत. रेबीजची लस टोचली. आणि तो गाढ झोपेत असतानाच कानाची ही खूण केली. जखम भरल्यावर त्याला परत आमच्याच गल्लीत आणून सोडलं. आता त्याला नुसतं बघूनच कळतं की याचं ऑपरेशन झालेलं आहे. ऑपरेशनसाठी पुन्हा पकडायला नको, पुन्हा भूल द्यायला नको. वहीवर बाई तपासल्याची खूण करतात ना, तसंच.

आता ही रेबीजची लस कशासाठी? त्यासाठी एका विषाणूची गोष्ट सांगायला हवी. हा विषाणू दिसतो बंदुकीच्या गोळीसारखा, पण गोळीसारखा सुसाट मात्र मुळीच जात नाही. पिसाळलेला, म्हणजे रेबीज झालेला, कुत्रा चावला की त्याच्या लाळेतून हा जखमेत शिरतो. सर्दीतापाचे कितीतरी विषाणू दोन-चार दिवसांतच आपल्याला अंथरुणात झोपवतात. हा मात्र आधी जखमेजवळच रेंगाळतो, मग एखाद्या मज्जातंतूत शिरतो आणि मेंदूच्या दिशेने निघतो. दिवसभर चालून जेमतेम काही सेंटिमीटर! मुंगी तेवढं अंतर काही सेकंदांत कापते. म्हणून तर कुत्रा चावल्यापासून आजार दिसेपर्यंत बहुतेक वेळा एक ते तीन महिने जातात. पाय मेंदूपासून लांब, तोंड आणि मान जवळ, म्हणून तिथला चावा जास्त धोक्याचा. मुलांची उंची कमी, त्यामुळे कुत्र्याचे दात त्यांच्या चेहऱ्यापर्यंत सहज पोहोचतात. मुलांना जास्त जपायचं ते यासाठीही.

मेंदूत पोहोचला की मात्र हा विषाणू भयंकर होतो. तिथून तो लाळेत उतरतो. घशाचे स्नायू असे आखडतात की पाण्याचा घोटही गिळता येत नाही, पाणी नुसतं समोर आणलं तरी त्रास होतो. एकदा ही लक्षणं दिसू लागली, की मोठमोठ्या डॉक्टरांनाही रोग्याला वाचवणं जवळजवळ अशक्य असतं. हे वाचून पोटात गोळा आला ना? येऊ दे. पण आता गंमत बघा. त्याचा हा हळूपणाच आपल्या कामी येतो! तो रस्त्यात असतानाच आपण लस घेतली, तर आपलं शरीर त्याला मेंदूपर्यंत पोहोचूच देत नाही.

हे पहिल्यांदा करून दाखवलं फ्रान्समध्ये, लुई पाश्चर यांनी. १८८५ सालच्या जुलै महिन्यात जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला त्याची आई पॅरिसला घेऊन आली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला १४ ठिकाणी चावे घेतले होते. पाश्चर यांनी हा विषाणू कधी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता, कारण तो दाखवू शकेल असा सूक्ष्मदर्शकच तेव्हा नव्हता. तरीही त्यांनी लस तयार केली होती. दहा-अकरा दिवसांत जोसेफला १३ वेळा ती टोचली, आणि तो वाचला. मोठेपणी तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेतच राखणदार म्हणून काम करत होता. पाश्चर यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, आता जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात.

पण लस घेण्याआधी एक काम आहे, आणि ते तुमच्या न्हाणीघरातच होतं. या विषाणूच्या अंगावर चरबीचं पातळ आवरण असतं. तेलकट ताटाला साबण लावला की तेल सुटतं ना, तसं हे आवरणही साबणाने फाटतं आणि विषाणू निकामी होतो. म्हणून चावलेली किंवा ओरखडलेली जागा वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची. १५ मिनिटं म्हणजे किती? घड्याळ समोर ठेवून बघा, फार वेळ वाटतो! दोन मिनिटांत हात दुखायला लागतात. तरी नळ बंद करायचा नाही. हळद, तिखट, चुना, तेल यांतलं काही लावायचं नाही. धुऊन झालं की थेट दवाखाना. आणि पोटात १४ इंजेक्शनं घ्यावी लागतात हे आजी-आजोबांच्या काळातलं. आता लस दंडात देतात आणि ठरलेल्या दिवशी चार-पाच वेळा जावं लागतं. जखम मोठी असेल, रक्त आलं असेल, तर जखमेतच आणखी एक औषध टोचतात. ते तिथल्या तिथे विषाणूला अडवतं, तोवर लस शरीराला तयार करते.

आता एक अगदी कळकळीची गोष्ट. आमच्या इमारतीतल्या एका मुलाने पिल्लू चावल्याचं दोन दिवस घरी सांगितलंच नव्हतं. का? तर त्याला पिल्लांशी खेळू नको म्हणून बजावलं होतं, आणि आई रागावेल अशी भीती! पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरत होता बिचारा. आईने शर्ट धुवायला मागितला तेव्हा कळलं. लगेच दवाखान्यात नेलं, लस सुरू झाली, आणि तो आता ठणठणीत आहे. पण ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. पिल्लू असो, मांजर असो, माकड असो, नुसता ओरखडा असो, त्याच मिनिटाला सांगायचं. आईचा राग तासाभरात जातो.

बरं, मग सगळे कुत्रेच गल्लीतून हटवले तर? अनेक मोठी माणसं असं म्हणतात. पण जिथे कचऱ्यात खाणं मिळतं, तिथली जागा रिकामी राहत नाही. दुसरीकडून नवे कुत्रे येतात, आणि त्यांना लस टोचलेली नसते! मोतीसारखा लस घेतलेला कुत्रा गल्लीत असणं म्हणजे विषाणूच्या वाटेत भिंत उभी असणं. गोव्यात हेच केलं. २०१४ पासून तिथे मिशन रेबीज ही संस्था आणि सरकार मिळून गावोगाव लस देऊ लागले. मोठी जाळी घेऊन माणसं निघतात, कुत्र्याला अलगद जाळ्यात घेतात, सुई टोचतात, अंगावर रंगाचा पट्टा ओढतात आणि सोडून देतात. कुठल्या रस्त्यावर किती कुत्रे झाले याची नोंद मोबाइलमध्ये. शाळाशाळांत जाऊन मुलांनाही शिकवलं. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही!

आणि यासाठी शंभरातल्या शंभर कुत्र्यांना लस द्यावी लागत नाही. साधारण ७० पुरतात. पिसाळलेला कुत्रा आजारी असताना सरासरी एक-दोन कुत्र्यांनाच रोग देतो. दहातल्या सातांना लस दिलेली असेल, तर विषाणूला पुढचा कुत्राच सापडत नाही आणि साखळी तुटते. लस मात्र पुन्हा पुन्हा द्यायला हवी, कारण तिचा असर कमी होतो आणि नवी पिल्लंही येत राहतात.

अनोळखी कुत्रा गुरगुरला तर? पळायचं नाही. झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी, नजर जमिनीवर. बहुतेक वेळा तो हुंगतो आणि निघून जातो. पडलात तर गुडघे पोटाशी घेऊन, कान हातांनी झाकून दगडासारखं निपचित राहायचं. जेवणाऱ्या, झोपलेल्या, पिल्लांपाशी बसलेल्या कुत्र्याच्या वाटेला जायचंच नाही. आणि एखादा कुत्रा उगाच चावत सुटला, किंवा उलट एकदम गप्प झाला, जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, तर लांबूनच मोठ्या माणसांना सांगायचं. पिसाळलेला कुत्रा दरवेळी धावूनच येतो असं नाही.

हे सगळं ऐकल्यावर सईने गेल्या रविवारी वही घेतली आणि गच्चीवरून गल्लीतले कुत्रे मोजले. एकूण ११. कानाला खाच असलेले ८. भागाकार करून ती ओरडली, "जवळजवळ त्र्याहत्तर टक्के!" यंदाची लस कुणाकुणाची झालीय, ते तिला आता विचारून घ्यायचंय. उरलेल्या तिघांची नावंही तिने लिहून ठेवलीत. त्यातलं सगळ्यात छोटं तांबूस पिल्लू दुपारी जोशीकाकांच्या स्कूटरखाली झोपलेलं असतं.